प्रत्येकासाठी एक, की सर्वांसाठी एकच?

नववी-दहावीला गणित शिकवताना जी विधाने रोज फळ्यावर लिहिली जातात, त्यांपैकी बहुतेकांत ‘प्रत्येक’ हा शब्द न लिहिता गृहीत धरलेला असतो. ‘त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश असते’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते प्रतलातील प्रत्येक त्रिकोणाविषयी असते, आणि शाळेच्या गणितात हे स्पष्टपणे सांगितले नाही म्हणून काही अडत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत बरीच वर्षे शिकवल्यानंतर मी अभ्यासरजा घेऊन गणिताच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला, आणि रिअल ॲनॅलिसिसच्या पहिल्या काही तासिकांतच सातत्याची व्याख्या समोर आली: फ हे फल (फंक्शन) अ या बिंदूवर सतत असते, जर प्रत्येक धन एप्सिलॉनसाठी असा एक धन डेल्टा असेल की, ज्या ज्या क्षचे अ पासूनचे अंतर डेल्टाहून कमी आहे, त्या त्या क्षसाठी फ(क्ष)चे फ(अ) पासूनचे अंतर एप्सिलॉनहून कमी असते. एप्सिलॉन आणि डेल्टा ही केवळ संख्यांना दिलेली नावे. व्याख्येच्या या एका वाक्यात ‘प्रत्येक’, मग ‘असा एक’, मग पुन्हा ‘ज्या ज्या’ असे तीन थर आहेत. ते वाचणे, वाचून सिद्ध करणे आणि अखेरीस नाकारणे, या क्रमाने माझा अभ्यास कसा पुढे गेला, ते मी येथे लिहीत आहे. कारण सातत्य, अभिसरण, एकसमान सातत्य या सर्व संकल्पनांचे दार याच एका कौशल्याने उघडते, अशी माझी आता खात्री झाली आहे.

‘प्रत्येक’ आणि ‘असा एक तरी’ यांना तर्कशास्त्रात संख्यापक म्हणतात; महाविद्यालयात सगळे ‘क्वांटिफायर’च म्हणतात. वाचनाची सुरुवात मी संख्यापकापासून नव्हे, तर त्याच्या क्षेत्रापासून करू लागले. ‘असा एक क्ष आहे की क्षचा वर्ग २ आहे’ हे विधान परिमेय संख्यांत असत्य आणि वास्तव संख्यांत सत्य आहे. ‘प्रत्येक संख्येहून लहान अशी एखादी संख्या असते’ हे पूर्णांकांत सत्य आहे, पण नैसर्गिक संख्यांत १ पाशी ते कोसळते. क्षेत्र सांगितल्याशिवाय विधान पुरे होत नाही, हे इतके साधे आहे की पाठ्यपुस्तके ते एका ओळीत उरकतात, आणि मला वाटते की तिथेच ती विद्यार्थ्यावर अन्याय करतात. तसेच ‘क्ष हा ५ पेक्षा मोठा आहे’ हे अजून विधानच नाही. क्षला संख्यापकाने बांधले किंवा क्षच्या जागी एखादी ठरावीक संख्या घातली, तरच त्याच्या सत्यासत्यतेचा प्रश्न उभा राहतो.

ही भाषा तशी अलीकडची आहे. ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रात ‘सर्व’ आणि ‘काही’ होते, परंतु एकाच वाक्यात एकावर एक थर चढवण्याची सोय नव्हती. ती गॉटलोब फ्रेगेने १८७९ मध्ये प्रथम व्यवस्थितपणे करून दाखवली. ‘असा एक आहे’ यासाठी उलट्या तोंडाचा ई पेआनोने १८९७ मध्ये वापरला, तर ‘प्रत्येक’साठी डोक्यावर उभा केलेला ए गेन्ट्झेनने १९३५ मध्ये आणला. ही दोन चिन्हे आज एकत्र शिकवली जात असली, तरी त्यांच्यामध्ये जवळजवळ चाळीस वर्षांचे अंतर आहे.

खरी अडचण थरांच्या क्रमाची असते. ‘प्रत्येक क्षसाठी असा एक य आहे की य हा क्षपेक्षा मोठा आहे’ आणि ‘असा एक य आहे की प्रत्येक क्षसाठी य हा क्षपेक्षा मोठा आहे’ या दोन विधानांत शब्द तेच आहेत, पण नैसर्गिक संख्यांत पहिले सत्य आणि दुसरे असत्य आहे. माझ्या वर्गात पूर्व भागातलीच एक तरुण मुलगी होती. तिच्या घरी तेलुगू बोलतात, आमचे दोघींचे बोलणे मराठीत चाले. संध्याकाळी अभ्यासिकेत बसून आम्ही विधाने डावासारखी खेळू लागलो. नियम एवढाच, की ‘प्रत्येक’ आला की समोरच्याने हवी ती संख्या द्यायची आणि ‘असा एक’ आला की विधानाच्या बाजूने बोलणाऱ्याने उत्तर द्यायचे, आणि हे सर्व वाक्यातल्याच क्रमाने करायचे. ती म्हणे, “ताई, दहा लाख.” मी म्हणे, दहा लाख एक. तिने कोणतीही संख्या दिली तरी माझे उत्तर तयार असे, कारण तिचा क्ष ऐकल्यानंतर मला बोलायचे होते. दुसऱ्या विधानात मात्र मला आधी बोलावे लागे, आणि मी सांगितलेलीच संख्या ती मला परत देई, की डाव संपला. डावाच्या या पद्धतीला तर्कशास्त्रात रीतसर अर्थ आहे: ‘असा एक’च्या बाजूने बोलणाऱ्याकडे समोरच्याच्या कोणत्याही खेळीला पुरे पडेल असे उत्तर असेल, तर आणि तरच विधान सत्य असते. उत्तर कोणावर अवलंबून आहे, एवढाच क्रमाचा अर्थ. आधी आलेल्या प्रत्येक गोष्टीवर नंतरचे उत्तर अवलंबून असू शकते. नंतर येणाऱ्या गोष्टीवर ते अवलंबून असू शकत नाही.

रोजच्या मराठीत हा फरक आपण न शिकताही सांभाळतो. ‘सोलापुरातल्या प्रत्येक घराचे शेंगाचटणीचे एक ठरलेले दुकान असते’ असे कोणी म्हटले, तर ते दुकान घरागणिक वेगळे असू शकते हे ऐकणाऱ्याला समजते. ‘शेंगाचटणीचे असे एक दुकान आहे, जे सोलापुरातल्या प्रत्येक घराचे ठरलेले आहे’ हा दावा फार मोठा आहे, आणि तो कोणी केला तर शहरात त्याला लगेच विरोध होईल. दुसऱ्यावरून पहिले निघते, पहिल्यावरून दुसरे निघत नाही. गणितात हेच सांभाळताना मोठमोठ्यांचीही ओढाताण झाली आहे. कोशीने १८२१ मध्ये असे मांडले, की सतत फलांच्या अभिसारी (बेरीज ठरावीक मूल्याकडे जाणाऱ्या) श्रेणीची बेरीजही सतत असते. आबेलने १८२६ मध्ये त्याला अपवाद असल्याचे दाखवले. आणि ‘प्रत्येक बिंदूसाठी आपापली मर्यादा’ व ‘सर्व बिंदूंसाठी एकच मर्यादा’ यांतला भेद नीट वेगळा होईपर्यंत आणखी काही दशके गेली.

वाचन पक्के झाल्यावर सिद्धतेकडे वळले. ‘प्रत्येक’ने सुरू होणारे विधान सिद्ध करायचे, तर त्या क्षेत्रातला एक घटक घ्यायचा आणि त्याच्याविषयी ‘तो या क्षेत्रातला आहे’ यापलीकडे काहीही वापरायचे नाही. प्रत्येक विषम संख्येच्या वर्गातून १ वजा केला असता उत्तराला ८ ने नि:शेष भाग जातो, हे घेऊ. विषम संख्या २क + १ अशी लिहिली, की तिचा वर्ग वजा १ म्हणजे ४ × क × (क + १). क आणि क + १ या लागोपाठच्या संख्या असल्याने त्यांतली एक सम असते, म्हणून ८ ने भाग जातो. येथे क कोणता ते आपण एकदाही विचारले नाही, म्हणूनच निष्कर्ष सर्वांना लागू पडतो.

माझ्या शाळेतील मुले अशा वेळी ३, ५, ७ घालून पाहतात आणि ‘बरोबर आहे’ म्हणतात. त्यांना सांगण्यासाठी ऑयलरचे सूत्र मला फार उपयोगी वाटते. न² + न + ४१ यात न च्या जागी ० पासून ३९ पर्यंत कोणतीही संख्या घाला, उत्तर मूळ संख्याच येते. चाळीस वेळा पडताळा मिळाल्यावर कोणाचाही विश्वास बसेल; पण न = ४० घेतले की १६८१ मिळतात, आणि ते ४१ चा वर्ग आहेत. फर्माची गोष्ट याहून मोठी आहे. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या त्याच्या क्रमातल्या संख्या (आधीच्या संख्येतून १ वजा करून वर्ग करायचा आणि त्यात १ मिळवायचा) मूळ आहेत, म्हणून पुढच्या सगळ्या तशाच असतील असे त्याला वाटले. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवले, की पुढचीच संख्या ४२९४९६७२९७ ही ६४१ × ६७००४१७ आहे. ‘प्रत्येक’ला हजार उदाहरणे पुरत नाहीत, आणि त्याला पाडायला एक प्रतिउदाहरण पुरते.

‘असा एक’ सिद्ध करायला सहसा तो एक समोर ठेवावा लागतो. सहसा म्हणण्याचे कारण असे, की तो न दाखवताही काम होऊ शकते. अपरिमेय संख्येचा अपरिमेय घात परिमेय असेल अशी एक तरी जोडी आहे, हे सिद्ध करताना २ च्या वर्गमुळाचा २ च्या वर्गमुळाइतका घात घ्या. तो परिमेय असेल तर काम झाले. तो अपरिमेय असेल तर त्याचाच पुन्हा २ च्या वर्गमुळाइतका घात घ्या. घातांकांचा गुणाकार २ येतो आणि उत्तर २ मिळते. दोन्ही वाटांनी जोडी मिळते, परंतु कोणती वाट खरी ते ही सिद्धता सांगत नाही. ती संख्या अपरिमेय आहे हे गेल्फाँड आणि श्नायडर यांच्या १९३४ च्या प्रमेयातून निघते. ही सिद्धता प्रथम वाचली त्या रात्री मी ती पुन्हा पुन्हा लिहून काढली, इतकी ती मला सुंदर वाटली.

सातत्याच्या सिद्धतेत मात्र ‘असा एक’ आपल्यालाच शोधावा लागतो, आणि तो शोधण्याचा क्रम लिहिण्याच्या क्रमाच्या उलटा असतो. क्षचा वर्ग हे फल ३ या बिंदूवर सतत आहे, असे दाखवायचे आहे. कच्च्या कागदावर शेवटापासून सुरुवात होते: क्ष² − ९ चे अंतर म्हणजे (क्ष − ३) आणि (क्ष + ३) यांच्या केवल मूल्यांचा गुणाकार. पहिला अवयव डेल्टाच्या ताब्यात आहे, दुसऱ्याला आवर घालायचा आहे. क्ष हा ३ पासून १ पेक्षा कमी अंतरावर ठेवला, तर क्ष + ३ हा ७ पेक्षा लहान राहतो. म्हणजे १ आणि एप्सिलॉन भागिले ७ यांतली जी लहान संख्या, ती डेल्टा म्हणून चालेल. हे सापडल्यावर पक्क्या वहीत सर्व उलटे होते: ‘समजा, एप्सिलॉन ही कोणतीही धन संख्या दिली आहे. डेल्टा म्हणून १ आणि एप्सिलॉन भागिले ७ यांतली लहान संख्या घेऊ.’ पाठ्यपुस्तकात फक्त पक्की वही छापलेली असते, त्यामुळे तो ७ आकाशातून पडल्यासारखा दिसतो. प्रत्येक विद्यार्थ्याला कच्चा कागद एकदा तरी दाखवला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आता नकार. ‘सर्व विद्यार्थी उत्तीर्ण झाले’ याचा नकार विचारला की नववीतली बहुसंख्य मुले ‘सर्व विद्यार्थी अनुत्तीर्ण झाले’ असे सांगतात. मूळ विधान आणि त्याचा नकार यांपैकी नेमके एकच सत्य असले पाहिजे, ही कसोटी लावली की हे उत्तर टिकत नाही, कारण अर्धा वर्ग उत्तीर्ण झाला असेल तर दोन्ही विधाने असत्य ठरतात. ‘एक तरी विद्यार्थी अनुत्तीर्ण झाला’ हाच खरा नकार. आपल्या वाक्यरचनेचाही यात थोडा हात आहे. ‘सगळे विद्यार्थी उत्तीर्ण झाले नाहीत’ या वाक्यात शेवटचा ‘नाहीत’ संपूर्ण वाक्याला लागतो की फक्त उत्तीर्ण होण्याला, हे बोलणाऱ्याच्या स्वरावरून कळते. लिहिताना तो स्वर हरवतो. म्हणून मी नकार लिहिताना ‘नाही’ आधी वाक्याच्या अगदी बाहेर ठेवते, ‘असे नाही की, सर्व विद्यार्थी उत्तीर्ण झाले’, आणि मग तो एकेक थर ओलांडत आत नेते. ‘प्रत्येक’ ओलांडताना त्याचा ‘असा एक’ होतो, ‘असा एक’ ओलांडताना त्याचा ‘प्रत्येक’ होतो, आणि अगदी आतल्या गाभ्यापाशी पोहोचल्यावरच तो गाभा नाकारला जातो.

हे असेच का व्हावे, याचे समाधान मला द मॉर्गनच्या नियमांत मिळाले. क्षेत्रात १, २, ३ एवढ्याच संख्या असतील, तर ‘प्रत्येकाला हा गुण आहे’ म्हणजे ‘१ ला आहे आणि २ ला आहे आणि ३ ला आहे’. ‘आणि’ने जोडलेले विधान नाकारले की ‘किंवा’ येतो: १ ला नाही किंवा २ ला नाही किंवा ३ ला नाही, म्हणजेच असा एक आहे की ज्याला तो गुण नाही. अनंत क्षेत्रात ही यादी लिहिता येत नाही, परंतु विचार तोच राहतो. ऑगस्टस द मॉर्गन यांचा जन्म १८०६ मध्ये आपल्या मदुराईत झाला होता, हे मी मुलांना आवर्जून सांगते.

अभ्यासिकेतल्या डावात नकाराचा अर्थ आणखी स्वच्छ झाला. एकदा विधान नाकारायची वेळ आली तेव्हा माझी मैत्रीण म्हणाली, “ताई, आता जागा बदलू. तुमचा ‘असा एक’ माझ्याकडे आला.” नकार म्हणजे एवढेच असते. खेळींचा क्रम जसाच्या तसा राहतो, फक्त कोणती खेळी कोणाची हे बदलते. सातत्याची व्याख्या नाकारली तर ती अशी होते: असा एक धन एप्सिलॉन आहे की, प्रत्येक धन डेल्टासाठी असा एक क्ष सापडतो की, ज्याचे अ पासूनचे अंतर डेल्टाहून कमी आहे आणि तरीही फ(क्ष)चे फ(अ) पासूनचे अंतर एप्सिलॉनएवढे किंवा त्याहून जास्त आहे. येथे दोन जागा काळजीने पाहाव्या लागतात. एप्सिलॉन आणि डेल्टा धनच राहतात, कारण धन असणे ही क्षेत्राची अट आहे आणि नकार क्षेत्राला हात लावत नाही. दुसरे म्हणजे ‘जर अंतर कमी, तर फरक कमी’ याचा नकार ‘जर अंतर कमी, तर फरक जास्त’ असा होत नाही. तो ‘अंतर कमी आणि फरक कमी नाही’ असा होतो. जर-तरचे विधान मोडायचे असेल, तर ‘जर’ पाळला गेला आणि ‘तर’ पाळला गेला नाही, असे प्रत्यक्ष घडलेले दाखवावे लागते.

याच कारणाने रिकाम्या क्षेत्रावरचे ‘प्रत्येक’ सत्य ठरते. ‘४० आणि ४२ यांच्या दरम्यानचा प्रत्येक सम पूर्णांक मूळ संख्या आहे’ हे विधान खोटे पाडायचे, तर त्या दरम्यानचा एक सम पूर्णांक दाखवावा लागेल, आणि तिथे तर फक्त ४१ आहे. प्रतिउदाहरण असूच शकत नाही, म्हणून विधान सत्य. हा नियम विद्यार्थ्यांना सहसा मनमानी वाटतो, परंतु नकाराच्या बाजूने पाहिले की दुसरे काही मानताच येत नाही.

नकार लिहिता आला की काय सिद्ध करायचे ते तो स्वतःच सांगतो, हे मला एकसमान सातत्याच्या वेळी पूर्णपणे उमगले. साध्या सातत्यात बिंदू आधी येतो आणि डेल्टा नंतर, म्हणून डेल्टा बिंदूनुसार बदलू शकतो. एकसमान सातत्यात डेल्टा आधी ठरतो आणि तो सर्व बिंदूंना पुरावा लागतो. क्षचा वर्ग हे फल संपूर्ण वास्तव रेषेवर एकसमान सतत नाही, हे दाखवायचे होते. नकार वाचला: असा एक एप्सिलॉन द्या, की प्रत्येक डेल्टासाठी डेल्टाहून जवळचे दोन बिंदू सापडतील, पण त्यांच्या वर्गांतला फरक एप्सिलॉनहून कमी नसेल. म्हणजे एप्सिलॉन मला निवडायचा आहे, डेल्टा मैत्रीण देणार, आणि मग बिंदू पुन्हा मी निवडायचे. मी एप्सिलॉन १ घेतला. तिने डेल्टा दिला. मी पहिला बिंदू १ भागिले डेल्टा आणि दुसरा त्याहून डेल्टाच्या निम्म्याने पुढे असा घेतला. वर्गांतला फरक १ अधिक डेल्टाच्या वर्गाचा चौथा भाग एवढा येतो, म्हणजे १ पेक्षा जास्तच. डेल्टा जितका लहान, तितके बिंदू दूर उजवीकडे जातात, जिथे वक्र अधिक उभा आहे. आणि मैत्रिणीने कितीही लहान डेल्टा दिला तरी माझे उत्तर ठरलेले असते.

त्यानंतर आम्ही चार थरांचे विधान घेतले. क्रमिका अभिसारी आहे म्हणजे असा एक ल आहे की, प्रत्येक धन एप्सिलॉनसाठी असा एक म आहे की, म पासून पुढच्या प्रत्येक न साठी न वे पद ल पासून एप्सिलॉनहून कमी अंतरावर आहे. −१, १, −१, १ अशी चालणारी क्रमिका तशी नाही, हे दाखवण्यासाठी नकाराने दिलेले काम असे: मैत्रीण कोणताही ल देईल, मी एप्सिलॉन देईन, ती म देईल, मी म च्या पुढचा न देईन. तिने ल दिला की एप्सिलॉन म्हणून मी १ घेते. मग तिचा म ऐकते. ल शून्य किंवा धन असेल, तर म च्या पुढचा विषम न निवडते. तिथे पद −१ आहे आणि ल पासून त्याचे अंतर किमान १ आहे. ल ऋण असेल, तर म च्या पुढचा सम न. तिथे पद १ आहे आणि अंतर १ पेक्षा जास्त आहे. दोन्ही बाबतींत अंतर एप्सिलॉनहून कमी नाही, म्हणून कोणताही ल चालत नाही आणि क्रमिका अभिसारी नाही. पुढच्या वेळी कोशी क्रमिकेची (जिची पदे पुढे पुढे एकमेकांच्या हवी तितकी जवळ येतात तिची) व्याख्या नाकारायची ठरली, आणि त्या नकारात पहिली खेळी माझी होती.